धाकटी आणि चौदा घरांच्या भिंती

मी रंगारी. चाळीस वर्षं झाली ब्रश धरून. आमच्या भागात कुठल्याही घरात शिरा आणि मान वर करून छताचा कोपरा बघा. जिथे रेघ सुतात बांधल्यासारखी सरळ दिसेल, ते काम माझं. शिक्षण सातवी. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे इतकी अक्षरं आहेत की तिच्या ऑफिसच्या दारावरची पाटी रंगवताना मला दोन ओळी कराव्या लागल्या. पाटी अर्थात मीच रंगवली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता.

मध्यंतरी तिच्या कॉलेजवाल्यांनी तिच्या कामाची एक पुस्तिका काढली. त्यात नकाशे आहेत, आकडे आहेत, तिचा चष्म्यातला फोटो आहे. फक्त ती नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. मला ओळखणारे सांगतील, मी एकदा हातात घेतलेली भिंत अर्धी सोडत नाही.

घरात ती धाकटी. बाहेर तिला सगळे टेपबाई म्हणतात, कारण तिच्या पिशवीत पाण्याची बाटली नसेल एखाद्या दिवशी, पण मोजायची टेप असतेच. कोणाच्या घरी गेली की खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीची उंची मोजते. लोक हसतात. मीही हसायचो.

हे वेड तिला लागलं ते आईमुळे. धाकटी अकरा वर्षांची होती, मी एकोणीसचा. वडील नव्हते. आई घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. आम्ही एका खोलीत राहायचो. संडास मागच्या अंगाला, चार पायऱ्या चढून. आई कधी चकार शब्द बोलली नाही. मी कामावरून यायचो, विचारायचो, "कसं आहे?" ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" मी म्हणायचो, चला, झकास. जेवायचो आणि झोपायचो.

एक दिवस धाकटी मला म्हणाली, "दादा, आईचा पेला दुपारीसुद्धा भरलेलाच का असतो?"

"तहान नसेल."

"एवढ्या उन्हाळ्यात?"

मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर ही शाळेची फूटपट्टी घेऊन त्या पायऱ्या मोजत बसलेली. एक पायरी सात इंच, दुसरी साडेनऊ, तिसरी तिरकी. आणि आई पाणीच पीत नव्हती. पाणी प्यालं की चढावं लागतं, म्हणून. अकरा वर्षांच्या पोरीला हे कळलं, आणि मी घरातला कर्ता माणूस, मला कळलं नाही. मी कोणापुढे कमीपणा घेत नाही, पण हे लिहून ठेवतो.

मग मी विटा आणल्या, पायऱ्या सारख्या केल्या, बाजूला लोखंडी पाइप ठोकला. मी पाइप छातीच्या उंचीवर धरला होता. धाकटीने खडूने बरीच खाली खूण केली. मी म्हटलं, "अगं, हे फार खाली होतंय." ती म्हणाली, "आईचा हात इथे जातो." मी मुकाट्याने तिथे ठोकला. आई पाणी प्यायला लागली. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा पोरीला शिकवायचं नाही तर कोणाला शिकवायचं? शिकवली मी. तिला होस्टेलवर ठेवली, परदेशातल्या परीक्षेला बसवली. कोणाच्या दारात गेलो नाही.

पुढे ती कॉलेजात लागली. कामाची जागा तळघरात. तिथे तिने अर्धं घर उभारलंय, भिंतींना चाकं असलेलं. भिंत ढकलायची, खोली लहान करायची, मोठी करायची आणि लोकांना त्यातून चालायला लावायचं. आंधळी माणसं, कुबड्यांवरची माणसं, पोटुशी बाई, काखेत पोर आणि हातात पिशव्या असलेला बाप. सगळ्यांना वापरता येईल असं घर कसं असतं, एवढंच ती शोधते. एकदा गुडघ्यांना फळ्या बांधून, चष्म्याला मेण फासून महिनाभर वावरली. एकदा आठवडाभर चाकांच्या खुर्चीतून उठलीच नाही. त्या आठवड्यात तिला तिच्या साहेबांच्या खोलीत जाता येईना. दार अरुंद. साहेबांना रोज व्हरांड्यात येऊन तिच्याशी बोलावं लागलं. पुढच्या महिन्यात दार रुंद झालं.

लग्न जवळपास ठरलं होतं एकदा. मुलगा इंजिनियर, शांत, मला पसंत. ही त्यांच्या घरी गेली, बाथरूममध्ये हात धुवायला म्हणून शिरली आणि पंधरा मिनिटं बाहेरच आली नाही. बाहेर आली ती सरळ मुलाच्या आईला म्हणाली, "काकू, तुम्ही या फरशीवर तीन वर्षांच्या आत पडणार." झालं! कोण करून घेईल अशी सून? दोन वर्षांनी त्या बाई खरंच पडल्या. धाकटीला वाईट वाटलं. मला, खरं सांगतो, थोडं बरं वाटलं.

नंतर तिने लग्नाचा विषय काढू दिला नाही. तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि मनासारख्या करून घेतल्या. उंबरा नाही. दारं ऐसपैस. दाराची मूठ कोपराने दाबली तरी उघडते. बटणं कमरेच्या उंचीवर. बाथरूममध्ये बसायला बाक. रांगत्या पोरापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत कोणीही यावं आणि कुठेही अडू नये, असं घर. येणारा मात्र मी एकटाच, रविवारी सकाळी. दोन खुर्च्या. एकीवर मी, एकीवर ती. मी बोलायचो, ती ऐकायची. कोणाचा बंगला धरलाय, कोणत्या गिऱ्हाइकाने माझी कशी वाहवा केली, सगळं. अकराच्या सुमाराला चहाचे दोन कप धुऊन ती दारापर्यंत यायची आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहायची.

आणि बाजारात मी छाती काढून सांगायचो, "आपली बहीण मोठ्या मोठ्या लोकांचे बंगले काढते कागदावर." हे खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आता त्या चौदा घरांकडे येतो.

गावाच्या टोकाला निवृत्त कामगारांची वसाहत आहे. सहाशे घरं, एका मंडळाच्या मालकीची. राहणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे, बहुतेक एकटे. मंडळाने ठरवलं होतं की प्रत्येक घरात धरायला एक दांडी बसवायची, पुस्तकात लिहिलेल्या उंचीवर, बाथरूममध्ये, की झालं काम. मंडळाने सल्ल्याला बोलावलेली धाकटी म्हणाली, थांबा, आधी लोकांना विचारू. फॉर्म वाटले. फॉर्मवर सगळ्यांनी काय लिहिलं असेल? "काही त्रास नाही." सहाशे घरं आणि त्रास कोणालाच नाही! मंडळ म्हणालं, मग तर एक दांडीसुद्धा जास्तच झाली.

तिसऱ्या इमारतीत एक शिंपीणकाकू राहतात. नवरा गेला, मुलगी लांब. त्यांनी धाकटीला सांगितलं होतं, "अगं, मी हरणासारखी पळते." धाकटीने मान हलवली आणि त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीवर तपकिरी पट्टा. हाताचा मळ. रोज हात टेकून टेकून उमटलेला. मध्ये दाराशी पट्टा तुटलेला, कारण तिथे धरायला काही नाही. आणि दाराच्या पलीकडे एकदम खाली हाताचा एकच मोठा डाग. म्हणजे तिथे बाई दर वेळी तोल जाऊन भिंतीवर आदळते.

माणूस फॉर्मवर खोटं लिहितो. भिंतीवर लिहू शकत नाही.

मग तिने त्या इमारतीतली चौदा घरं धरली. प्रत्येक घरातल्या डागांचे फोटो, उंची, लांबी, कुठे तुटतात, कुठे गडद होतात. दोन वर्षं थांबून पुन्हा तीच घरं मोजायची आणि डाग किती खाली सरकले ते बघायचं. कारण माणूस वाकतो तसा हात खाली येतो. पुस्तकातली उंची एकाही घराला लागू पडत नव्हती. मंडळाचे मोठे साहेब म्हणाले, "फोटो नकोत. फोटोत काहीही करता येतं. आम्ही स्वतः येऊन भिंती बघू. पटलं तर सहाशे घरांत तुम्ही म्हणाल तिथे दांड्या. नाही पटलं तर हे काम बंद." तारीख ठरली. दुसरी मोजणी धाकटी आदल्या दिवशी करणार होती, साहेबांना ताजे आकडे दाखवायला.

यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला इतकंच कळलं की शिंपीणकाकू माझ्या रंगाच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्या बहिणीबरोबर मोठे साहेब येणारेत आमच्या घरी. आणि भिंती बघा कशा मळल्यात! लाज वाटते हो."

मी म्हटलं, "साहेब येणार? माझ्या बहिणीबरोबर? काकू, तुम्ही घरी जा. धाकटीला मात्र पत्ता लागू देऊ नका."

सहा माणसं लावली. नऊ दिवस. चौदा घरं. कोणाकडून काही घेतलं नाही, बहिणीचं काम ते आपलं काम. आणि काम कसं? एरवी रंगारी मळावरच ब्रश फिरवतो, सहा महिन्यांत तेलकट डाग पुन्हा वर येतो. मी तसं करणाऱ्यातला नाही. आधी सोड्याने धुतलं, मग पत्र्याने खरवडलं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, प्राइमर, आणि वर रंगाचे दोन हात. दुधासारख्या भिंती. वसाहतीतली माणसं दारात येऊन बघत उभी राहायची. मी मनात म्हणायचो, धाकटे, आता बघ, साहेबांपुढे तुझी मान कशी ताठ राहते.

आदल्या दिवशी दुपारी ती आली. गळ्यात टेप, हातात वही. मी काकूंच्या दाराशी हाताची घडी घालून उभा. काकू मागे, खुशीत.

ती आत आली आणि थांबली. मग भिंतीजवळ गेली. पंजा टेकवला. काढला आणि बघितला.

"अजून ओलसर आहे," ती म्हणाली.

"सकाळीच दुसरा हात मारलाय. कसं झालंय?"

"सगळ्या घरांत?"

"चौदाच्या चौदा! तुझा दादा काही अर्धवट करतो का?"

काकू म्हणाल्या, "सांग ना गं, कसं दिसतंय?"

"छान दिसतंय, काकू," धाकटी म्हणाली. वही पिशवीत ठेवली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली.

मला वाटलं, आनंदाने भरून आलं असेल. मी शेजारी जाऊन बसलो. ती समोरच्या कठड्याकडे बघत होती.

"दादा, सोड्याने धुतलंस?"

"तर!"

"खरवडलंस?"

"पार प्लास्टर लागेपर्यंत. मी काय कामचुकार आहे?"

"नाहीस," ती म्हणाली. "कामचुकार असतास तर थोडं तरी उरलं असतं."

मग तिने मला सांगितलं. वर जे मी लिहिलं ते सगळं, तिथे त्या जिन्यात, एका सुरात. फॉर्म, पट्टे, तुटलेली जागा, दोन वर्षं. ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, सवय आहे मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग मला आधी सांगायचं नाहीस!" मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

"सहा वर्षं हे काम करतेय, दादा. दर रविवारी तू येतोस. एकदा तरी विचारलंस, की तू काय करतेस?"

जिन्यात वरून कोणीतरी उतरत होतं, फार हळू. दोन पाय एका पायरीवर, मग पुढची पायरी. आम्ही सरकून वाट दिली.

"उद्या काय सांगणार साहेबांना?"

"खरं ते सांगेन. बंद होईल काम. लावतील पुस्तकातली दांडी, नाहीतर तीही नाही." मग ती जरा हसली. "भिंती सुंदर झाल्यात पण."

ते ऐकून मला जे वाटलं ते मी लिहीत नाही.

एक गोष्ट मला माहीत होती आणि तिला माहीत नव्हती. ती सांगायची म्हणजे मोठी पंचाईत. माझं घर. रंगाऱ्याच्या घराला रंग नसतो म्हणतात, तसं माझंही, अकरा वर्षं ब्रश लागलेला नाही. चार वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मी घरात कोणाला घेतलंच नव्हतं. धाकटीलाही नाही. "पसारा आहे," म्हणायचो आणि मीच तिच्याकडे जायचो. पसारा नव्हता. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो होतो आणि कोणाला सांगितलं नव्हतं. बाहेर मी ताठ चालतो, कोणालाही विचारा. घरात चालतो तसा नाही.

"चल घरी," मी म्हटलं.

"कोणाच्या?"

"माझ्या. टेप घे."

दार उघडलं. तिने चपला काढल्या आणि दिवा लावला. मी दाराशीच थांबलो, परक्याच्या घरात थांबल्यासारखा. ती भिंतीकडे बघत आत गेली. माझ्या पलंगापासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीपर्यंत. टेप उघडायचा आणि मिटायचा तेवढा आवाज.

"दादा, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"उगाच शहाणपणा करू नकोस. उजवा हात, खांद्याच्या खाली चार बोटं. गुडघा की चक्कर?"

"गुडघा. कधी कधी चक्करसुद्धा."

"आणि माझ्याकडे येताना?"

"कोपऱ्यावर थांबतो. मग ताठ होऊन येतो."

ती परत भिंतीकडे वळली. मग वाकली. माझ्या पट्ट्याच्या खाली आणखी एक पट्टा होता. फिका, डाव्या हाताचा.

"हा तुझा नाही," ती म्हणाली.

मी दाराची कडी लावायला वळलो.

"वहिनीचा आहे."

म्हणूनच तर ती गेल्यावरही रंग दिला नव्हता. शेवटच्या वर्षात बायको भिंत धरून चालायची. मी कामावर असायचो. घरी आलो की विचारायचो, "कशी आहेस?" ती म्हणायची, "ठणठणीत." आईसारखीच. आणि मी तसाच जेवून झोपायचो. ती गेल्यावर एकदा डबे, ब्रश सगळं आणून ठेवलं होतं. धुवायला फडका उचलला आणि परत ठेवला.

धाकटी त्या फिक्या पट्ट्याच्या मागे मागे गेली. पट्टा न्हाणीकडे वळला नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेला. तिथे चौकटीजवळ एक डाग होता, तळहाताएवढा, बाकीच्यांपेक्षा कितीतरी गडद.

"इथे ती उभी राहायची. बराच वेळ. रोज." तिने खिडकीतून बाहेर बघितलं. "इथून काय दिसतं?"

काय दिसतं ते मला बघायची गरज नव्हती. कामावरून मी त्याच रस्त्याने येतो.

धाकटीने वही काढली नाही. आत जाऊन चहा टाकला. माझ्या घरात किती वर्षांनी दोन कप निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, बरोबर तीन माणसं. धाकटीने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "माझ्या भावाने भिंती रंगवल्या. पुरावा गेला. चूक माझी, मी त्याला सांगितलं नव्हतं." मी पुढे होऊन म्हणालो, "चूक माझी. पण रंग बघा." एक माणूस हसला. साहेब हसले नाहीत.

शिंपीणकाकूंनी सगळ्यांना बसवलं आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या. नेहमी एक हात भिंतीला असायचा. आज दोन्ही हात ट्रेला, आणि भिंतीपासून अंग चोरून, जशी काही ती भिंत तापलेली असावी. दाराशी आल्या आणि डगमगल्या. धाकटीने झेप घेऊन धरलं. एक कप फुटला, तेवढंच.

"काकू, भिंत का नाही धरलीत?"

"अगं, मळेल ना! दादांनी किती मायेने रंगवलीय. काल दिवसभर हात लावला नाही मी."

म्हणजे मी नुसते डाग पुसले नव्हते. चौदा घरांतल्या म्हाताऱ्यांचा आधार काढून घेतला होता. साहेब फुटलेल्या कपाकडे बघत राहिले.

"आणखी एक घर आहे," धाकटी म्हणाली. "तिथे रंग नाही."

माझ्या घरात चार परकी माणसं उभी. तिने दोन्ही पट्टे दाखवले. कोण, कधी, किती उंचीवर. खिडकीजवळच्या डागाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मग साहेबांनी फॉर्म काढला आणि मला विचारलं, "घरात वावरताना काही त्रास होतो?"

खोटं सांगत नाही, "छे! मला काय धाड भरलीय?" हे तोंडाशी आलं होतं. आमच्या घराण्याचं उत्तर ते. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती, टेप गुंडाळत होती.

"होतो," मी म्हटलं.

"दाखवता?"

मग मी पलंगापासून न्हाणीपर्यंत चाललो. जसा रोज चालतो तसा. चार माणसांसमोर, भिंतीला हात टेकून, पाय ओढत. तेवढ्या सात-आठ पावलांना जितका वेळ लागला तितका मला आख्खा बंगला रंगवायलाही कधी लागला नव्हता असं वाटलं.

साहेब म्हणाले, "एका घरावरून सहाशे घरांचं ठरवता येत नाही, बाई." धाकटीने मान डोलावली. "पण काम बंद करत नाही. एक वर्ष देतो. या चौदा घरांत नव्याने मोजा. निदान भिंती कुठल्या तारखेला कोऱ्या होत्या ते आता सगळ्यांना ठाऊक आहे."

ते गेल्यावर ती म्हणाली, "पण लोक हात लावतील तर ना."

"ते माझ्यावर सोड," मी म्हटलं.

दुपारी जिन्याखालच्या मातीत दोन्ही हात मळवले आणि काकूंच्या घरात शिरलो. त्या "अहो, अहो, दादा!" म्हणेपर्यंत मी माझ्याच दुधासारख्या भिंतीवर दाराशेजारी पंजा उमटवला. पाचही बोटं. म्हटलं, "काकू, मळवली भिंत. ज्याने रंगवली त्यानेच मळवली. आता तुम्ही कशाला भिता? धरा!" त्या आधी रागावल्या, मग हसल्या, मग हात टेकवला. अशी चौदा घरं केली. चाळीस वर्षांत माझ्या हातून इतकं घाणेरडं काम झालं नव्हतं, आणि कोणी इतकी वाहवाही केली नव्हती. धाकटीने मात्र प्रत्येक पंजाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि आत लिहिलं, "हा मोजू नये."

याला आता सात महिने झाले. पट्टे उमटायला लागलेत. ती दर महिन्याला जाते, मोजते, एकटीच बसने परत येते. वर्ष संपल्यावर साहेब काय म्हणतील कोणास ठाऊक. माझ्या घरात तिने दांडी बसवून घेतली, तिने खूण केली तिथे. खिडकीपाशी मात्र मी बसवू दिली नाही. तिनेही आग्रह धरला नाही. घराला रंग दिलेला नाही.

रविवारी मी अजून जातो. आता विचारतो, "या आठवड्यात काय केलंस?" ती सांगते. सगळं कळत नाही, पण विचारतो. मागच्या महिन्यात ती सांगत होती आणि माझं लक्ष तिच्या भिंतींकडे गेलं. मी रंगाऱ्याच्या नजरेने बघितलं. अकरा वर्षांपूर्वी मीच दिलेला रंग. कुठेही मळ नाही, पट्टा नाही. दाराशी नाही, बटणाजवळ नाही. कोणी टेकलेलंच नाही कधी त्या घरात.

निघताना चप्पल घालायला म्हणून मी दाराजवळच्या भिंतीला हात टेकवला. चांगला जोर देऊन, जरा जास्तच वेळ. येताना वसाहतीत डोकावलो होतो, तिथल्या जिन्याच्या कठड्याची धूळ हाताला होती, ती मी धुतली नव्हती.

तिने बघितलं. "दादा, गुडघा दुखतोय?"

"दुखतोय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा डाग तसाच होता. त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. आत या वेळी काही लिहिलेलं नव्हतं.